घड्याळाशी कुस्ती

खानदेशात बर्फ दोन ठिकाणी भेटतो. एक गोळ्याच्या गाडीवर, आणि दुसरा रसवंतीत गोणपाटाखाली, लाकडाचा भुसा अंगाला चिकटवून. तिसरंही एक ठिकाण आहे, उन्हाळ्यात लांबच्या लेकीबाळी पोहोचेपर्यंत माणसाला घरात थांबवून ठेवायचं असतं तिथलं. पण दिवाळी अंकात ते नको. पारा ४५ च्या वर गेला की भुसावळचा माणूस कुरकुरत नाही, आकडा अभिमानाने सांगतो. अशा मुलखात बसून मी बर्फावर पळणाऱ्या एका जपानी बाईबद्दल लिहितो आहे. प्रश्न असा, की तिच्या देशात बाकीच्या खेळाडूंच्या मानाने ती किती लोकप्रिय? विषय सांगितल्यावर धुळ्यातल्या आमच्या चहाच्या कट्ट्यावर मोबाइलमधला तिचा फोटो हातोहात फिरला आणि पहिला प्रश्न आला, ''हाई कोन शे?''

मला तो प्रश्न आवडला. लोकप्रियता मोजायला याहून सोपं माप नाही. ज्याच्याबद्दल 'हाऊ कोन शे' असं विचारावं लागत नाही तो लोकप्रिय. पदकं नंतर.

तर ती नाओ कोदायरा. जन्म १९८६ चा, जपानच्या नागानो प्रांतातल्या चिनो गावचा. खेळ स्पीड स्केटिंग. म्हणजे ४०० मीटरची लंबगोल बर्फाची पट्टी आणि त्यावर एका वेळी दोघीच, एक आतून, एक बाहेरून. मध्ये पट्ट्या बदलायच्या. गंमत अशी की त्या दोघींची एकमेकींशी शर्यत नसतेच. सगळ्या जोड्या धावून झाल्या की घड्याळ बघून क्रम लागतो. बुटाखालचं पातं टाचेपाशी सुटं असतं. पाय मागे रेटला की टाच उचलते, पातं मात्र क्षणभर बर्फावरच राहतं आणि मग टप्पकन बुटाला येऊन बसतं. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकच्या सुमारास हे पातं सगळ्यांनी घेतलं आणि जुने विक्रम धडाधड पडले.

१८ फेब्रुवारी २०१८ ला प्योंगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये कोदायराने ५०० मीटर ३६.९४ सेकंदांत कापले. नवा ऑलिंपिक विक्रम. ताशी जवळपास ४९ किलोमीटर, तेही उभ्याने सुरुवात करून, दोन वळणं घेऊन. जळगाव-धुळे रस्ता चौपदरी व्हायच्या आधी एरंडोल-पारोळ्याच्या टापूत आमची एसटी या वेगाला पोहोचली की म्हातारी माणसं पुढच्या सीटची दांडी धरत. जपानी प्रेक्षक आरडाओरडा करू लागले तशी कोदायराने ओठांवर बोट ठेवलं. पुढच्या जोडीत ली सांग-ह्वा उभी होती. दक्षिण कोरियाची, यजमान देशाची, आधीच्या दोन्ही ऑलिंपिकची विजेती. तिला शांतता हवी होती. ली दुसरी आली, रडू लागली आणि कोदायराने तिला कुशीत घेतलं. जगभर जो फोटो गेला तो या मिठीचा. शर्यतीचा नाही.

आता त्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. १७ फेब्रुवारीला त्याच ऑलिंपिकमध्ये युझुरू हान्यूने फिगर स्केटिंगचं लागोपाठ दुसरं सुवर्ण घेतलं. तोही जपानी, तोही बर्फावरच. त्याचा नाच संपला की प्रेक्षक विनी द पूह नावाच्या पिवळ्या अस्वलाच्या बाहुल्यांचा पाऊस पाडत, इतका की गोळा करायला पोरापोरींची फौज लागे. सेंदाई या त्याच्या गावच्या मिरवणुकीला लाखभर माणूस लोटला. त्याच वर्षी जपान सरकारने त्याला राष्ट्रीय सन्मान पुरस्कार दिला. कोदायराचं कौतुक झालं, खूप झालं, पण ते कौतुकच होतं. हान्यूचं वेड होतं.

पदकांचा हिशेब लावून हे कोडं सुटत नाही. हान्यूची सुवर्णं दोन. आणि मिहो ताकागी ही दुसरी स्पीड स्केटर, होक्काइदोच्या माकुबेत्सू गावची, तिच्याकडे २०२२ पर्यंतच ऑलिंपिकची सात पदकं जमली होती, जपानच्या कुठल्याही खेळाडू बाईपेक्षा जास्त. तरी टोकियोच्या रस्त्यावर ती आणि हान्यू एकाच वेळी उतरले तर गर्दी कुणाभोवती होईल हे सांगायला ज्योतिषी नको. आणि त्या दोघांच्या डोक्यावरून शोहेई ओतानी जातो, बेसबॉलवाला. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या डॉजर्स संघाने त्याच्याशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला. जपानात बेसबॉल म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट समजा. मग बाकीचं समजावून सांगावं लागत नाही.

आता आपल्या गावी येऊ.

खानदेशात यात्रा म्हटली की कुस्त्यांची आमदंगल आलीच. माझं लहानपण धुळ्याचं. वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेली पहिली दंगल एकवीरा देवीच्या यात्रेच्या दिवसांतली. आधी चड्डीतल्या पोरांच्या कुस्त्या, बक्षीस नारळ. मग पितळेची भांडी. सूर्य कलला की फेटेवाले मोठे पैलवान, पंचांच्या हातात नोटा, हलगी आणि धूळ. कोण कुठला ते वडील सांगत नव्हते, शेजारचा अनोळखी माणूस सांगत होता. त्याला प्रत्येक पैलवानाचं गाव, वस्ताद आणि मागच्या वर्षी कुणी कुणाला पाडलं ते पाठ होतं.

महाराष्ट्र केसरीचा आखाडाही या भागाला नवा नाही. स्पर्धा सुरू झाली १९६१ साली. दुसऱ्याच वर्षी, १९६२ ला, ती धुळ्यात भरली आणि भगवान मोरे जिंकले. १९६६ ला जळगावात दीनानाथ सिंह. १९७७ ला चाळीसगावात भरली आणि किताब अनिर्णित राहिला. म्हणजे भरवायचा मान तीनदा मिळाला, गदा मात्र दर वेळी दुसरीकडे गेली किंवा कुणाच्याच खांद्यावर चढली नाही. मग २०१४ साल आलं. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरीने अहमदनगरला किताब घेतला. २०१५ चा नागपुरात. २०१६ चा पुण्यात वारज्याला. लागोपाठ तीन. त्याच्या आधी ही हॅटट्रिक नरसिंग यादवने केली होती, २०११ ते २०१३.

ज्या तालुक्यात किताब एकदा कुणालाच न मिळता परत गेला, त्या तालुक्याच्या पोराने तो तीनदा आणावा, हे कुठल्या पटकथेत लिहिलं तर आपण नाक मुरडू. खानदेशात या तीन वर्षांत जे झालं ते हान्यूच्या मिरवणुकीच्याच जातीचं होतं, फक्त अस्वलांच्या जागी गुलाल होता. मोटारींच्या मागच्या काचांवर, सलूनच्या आरशाला, उसाच्या रसाच्या गाड्यांवर, सगळीकडे गदा घेतलेला पैलवान. 'हाऊ कोन शे' असं विचारणारा माणूस बाहेरगावचा ठरायचा.

असं का होतं, यावर माझं एक मत आहे आणि ते मी कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही. दंगल बघायला बसलेल्या हजार माणसांतल्या नऊशेंनी आयुष्यात कधी ना कधी कुणाच्या तरी कमरेत हात घातलेला असतो. शेतात, शाळेमागे, भाऊबंदकीत. समोरचा माणूस उचलताना पाठीतून काय जातं ते त्यांना ठाऊक असतं. म्हणून पैलवानाने जोर लावला की बघणाऱ्याच्या मुठी आवळतात. हान्यूचं जरा वेगळं. चार वेळा गिरकी घेऊन उतरणं कुणाच्या अंगाला माहीत नसतं, पण संगीत, चेहरा, पडणं आणि पडून उठणं हे तर कुणालाही कळतं. आता ३६.९४ ला कुठून हात घालणार? ३७.३३ मध्ये ली सांग-ह्वा आली. दोन्हीतला फरक डोळ्याला दिसतच नाही. दोघी सारख्याच वाकलेल्या, सारख्याच टोपड्यातल्या. कुस्ती आहे, पण घड्याळाशी. आणि घड्याळ चितपट झालेलं प्रेक्षकाला कसं दिसावं?

या घड्याळाच्या खेळाचा आणखी एक त्रास असा की त्यात वैरी नसतो. विजय चौधरीच्या वारज्यातल्या कुस्तीला समोर अभिजित कटके होता. अर्धा पुणे जिल्हा त्याच्या बाजूने ओरडत होता. कोदायराला वैरीण मिळाली, पण तिला तर तिने मिठी मारली.

पण लोकप्रियतेच्या या कुंडलीत मला जास्त रस आहे तो दुसऱ्या घरात. पोटाच्या.

२००९ साली कोदायरा शिनशू विद्यापीठातून बाहेर पडली तेव्हा तिला पैसे लावणारी कंपनी मिळेना. जपानात खेळाडूंना नोकरीवर ठेवून खेळू देण्याची कंपन्यांची जुनी पद्धत आहे. कारखान्यांचे स्वतःचे संघ असतात, हजेरीपटावर नाव असतं आणि दिवसभर सराव चालतो. पण मंदीचे दिवस होते आणि स्पीड स्केटर ठेवून जाहिरात ती कितीशी होणार? शेवटी तिला घेतलं मात्सुमोतो गावच्या आइझावा नावाच्या रुग्णालयाने. बुटाच्या कंपनीने नाही, शीतपेयवाल्यांनी नाही, रुग्णालयाने. पगार दिला, परदेशी पाठवलं. त्या आधारावर ती २०१४ नंतर नेदरलँडमध्ये जाऊन दोन वर्षं राहिली, तिथली भाषा शिकली. तिथे तिला पाठ उचलून, मान वर काढून पळायला शिकवलं, चिडलेल्या मांजरीसारखं. तेच तिचं टोपणनाव पडलं. या मांजरीचं घरभाडं नागानोतले पेशंट भरत होते म्हणा ना.

आमच्याकडे हे नवल वाटू नये. जळगावात ठिबक सिंचनाच्या नळ्या करणाऱ्या कंपनीच्या पगारावर देशातले नावाजलेले कॅरमपटू आहेत. भवरलाल जैन यांनी उभी केलेली जैन इरिगेशन. केळीच्या बागेत ठिबक पोहोचवणारी कंपनी क्रिकेटचा संघ मुंबईत टाइम्स शिल्डला उतरवते हे एक वेळ समजतं, क्रिकेटला लोक बघतात. पण कॅरम? कॅरमला प्रेक्षक किती, तर बोर्डाभोवती मावतील तेवढे. आमच्या गल्लीत गणपतीच्या दिवसांत बल्बखाली बोर्ड लागायचा. पावडरचा वास, राणी घेतल्यावर कव्हर टाकताना सगळ्यांचा अडकलेला श्वास, आणि खेळणाऱ्याच्या खांद्यावरून वाकणारा एक आगाऊ माणूस जो 'रिबॉण्ड मार' असं सांगायचा. खानदेशात स्ट्रायकर न धरलेलं बोट सापडायचं नाही. म्हणजे अंगाला ठाऊक असलेला खेळ आहे. तरी देशपातळीवर खेळणाऱ्या कॅरमपटूचा फोटो दाखवला तर प्रश्न तोच येणार, हाऊ कोन शे. माझ्या मताला इथे भोक पडतं हे मान्य. अंगाला माहीत असणं पुरत नाही. खेळ मैदानात मांडावा लागतो, लांबून दिसावा लागतो. कॅरमचा बोर्ड लांबून फक्त चौकोन दिसतो.

पण नोकरी आहे, बोर्ड आहे, प्रवासखर्च आहे. लोकप्रियता नसलेल्या खेळाडूला याहून जास्त काय लागतं? आणि लोकप्रियता असलेल्यालाही शेवटी हेच लागतं. विजय चौधरीला राज्य सरकारने पोलीस उपअधीक्षकाचं पद दिलं. २०२३ मध्ये कॅनडात विनिपेगला पोलीस आणि अग्निशमन दलांच्या जागतिक स्पर्धेत त्याने सुवर्ण घेतलं. गुलाल उडायला तीन किताब लागले, घर चालायला वर्दी लागली. त्याआधीचे खाशाबा जाधव बघा. १९५२ ला हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आणणारा माणूस, गावात बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि १९५५ ला तो पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

एक आडवाट सांगतो, राहवत नाही. जळगाव जिल्ह्यातली सर्वांत प्रसिद्ध खेळाडू कोण? माझं उत्तर: प्रतिभाताई पाटील. मूळजी जेठा कॉलेजात असताना त्या टेबल टेनिस खेळत आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून ढाली जिंकून आणत. १९६२ ला आमदार झाल्या, २००७ ला राष्ट्रपती. टेबल टेनिस कुणाच्या लक्षात राहिलं नाही. जपानात याची जोड शोधली तर सेइको हाशिमोतो मिळते. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनाआधी पाच दिवस जन्मली म्हणून बापाने क्रीडाज्योतीवरून नाव ठेवलं. स्पीड स्केटिंग आणि सायकलिंग मिळून सात ऑलिंपिक खेळली, चार हिवाळी आणि तीन उन्हाळी. १९९२ ला १५०० मीटरमध्ये कांस्य. आणि आज कुणाला ती आठवते तर खासदार, मंत्री, आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या संयोजन समितीची अध्यक्ष म्हणून. स्पीड स्केटरला घराघरांत पोहोचायचं तर निवडणूक लढवणं हा त्यातल्या त्यात जवळचा रस्ता दिसतो.

खानदेशात स्केटिंग नाही असं मात्र कुणी समजू नये. बर्फ नाही, चाकं आहेत. धुळ्याला देवपूरकडे आणि जळगावात नव्या कॉलन्यांमधून संध्याकाळी पाचनंतर हिंडलं तर सिमेंटच्या तुकड्यावर हेल्मेट घातलेली सहा-सात वर्षांची पोरं गोल फिरताना दिसतात. आया कठड्यावर बसलेल्या, मांडीवर पाण्याच्या बाटल्या. उन्हाळ्यात सिमेंट सूर्य बुडाल्यावरही तासभर गरम असतं. गुडघ्याला पॅड बांधायचं ते पडण्यापासून तेवढंच भाजण्यापासून वाचायला. दहावीपर्यंत यातली बहुतेक गळतात. जी टिकतात त्यांच्या घरी दोन शब्द पाठ असतात: सवलतीचे गुण आणि पाच टक्के. पहिले बोर्डाच्या परीक्षेचे, दुसरे सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या आरक्षणाचे. शहरातले क्रीडाप्रेमी यावर नाकं मुरडतात, खेळासाठी खेळायला हवं म्हणतात. मला ते पटत नाही. प्रमाणपत्राच्या मागे लागलेला बाप आणि मात्सुमोतोचं रुग्णालय एकच प्रश्न सोडवत असतात: हे पोर पळत असताना याच्या जेवणाचं कोण बघणार. फरक एवढाच की बापाच्या हातात फार कमी पत्ते असतात.

या चाकांच्या स्केटिंगला भारतात आता बरे दिवस आले आहेत. चेन्नईच्या आनंदकुमार वेलकुमारने सप्टेंबर २०२५ मध्ये चीनमध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत १००० मीटरचं सुवर्ण घेतलं, भारताचं पहिलंच. पुण्याच्या श्रुती कोतवालने तर त्याआधीच चाकं सोडून बर्फ धरला होता. पण मला सांगायची आहे ती २ ऑक्टोबर २०२३ ची शर्यत. हांगझोऊचे आशियाई खेळ, पुरुषांची ३००० मीटर सांघिक शर्यत. तुम्ही ती पाहिलेली आहे, फक्त तुम्हाला ते माहीत नाही. शेवटच्या मीटरला कोरियाचा गडी दोन्ही हात वर करतो, जिंकलो म्हणून. शेजारून तैवानचा पोरगा पाय पुढे टाकतो. तैवान ४ मिनिटं ५.६९२ सेकंद, कोरिया ४ मिनिटं ५.७०२. एका सेकंदाचा शंभरावा भाग. सुवर्णाबरोबर कोरियन पोरांची सक्तीच्या लष्करी सेवेतून मिळणारी सूटही गेली. तो व्हिडिओचा तुकडा जगभर फिरला, आपल्या व्हॉट्सॲप गटांवरही आला, खाली 'वेळेआधी नाचू नका' छापाचे सुविचार चिकटवून.

त्या शर्यतीत तिसरा कोण आला?

भारत. ४ मिनिटं १०.१२८. आर्यनपाल घुमान, आनंदकुमार वेलकुमार, सिद्धांत कांबळे, विक्रम इंगळे. शेवटची दोन आडनावं पुन्हा वाचा. त्याच दिवशी बायकांच्या सांघिक शर्यतीतही भारताला कांस्य मिळालं. जगभर पाहिली गेलेली स्केटिंगची शर्यत आपली पोरं पदक घेऊन पूर्ण करतात, आणि तो तुकडा कापणाऱ्याने कोरियन हात खाली येण्याच्या आत कापलेला असतो. आपली पोरं रेषेवर पोहोचतात त्यानंतर जेमतेम साडेचार सेकंदांनी.

कोदायराने ऑक्टोबर २०२२ मध्ये निवृत्ती घेतली, नागानोतच, घरच्या बर्फावर, देशांतर्गत स्पर्धेत. ५०० मीटर जिंकून. त्याच वर्षीच्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दुखऱ्या घोट्याने ती सतरावी आली होती. तरी नागानोत प्रेक्षागार भरलेलं होतं. २०१९ च्या वादळात त्या भागातल्या सफरचंदाच्या बागा चिखलात गेल्या तेव्हा ती फावडं घेऊन मदतीला गेली होती. रावेर-यावलच्या केळीवाल्याला विचारा, वादळानंतर बागेत कोण येऊन उभं राहिलं हे तो किती वर्षं लक्षात ठेवतो.

हे सगळं कट्ट्यावर सांगितलं. मग तो तुकडाही लावला, कोरियन पोराचे हात वर, तैवानचा पाय पुढे. सगळे हसले, दोघांनी तो आधीच पाहिलेला होता. चहावाल्याने गाळणी बाजूला ठेवून मान पुढे घातली आणि विचारलं, ''यामा आपला कोन शे?''

म्हटलं, आपले मागून येत आहेत, यात दिसत नाहीत.

''मंग कसाले दाखाडी ऱ्हायना भो?''